छोट्या देशाला ध्रुवावर स्वतःचं घर हवं का?

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

छोट्या देशानं अंटार्क्टिकात स्वतःचं संशोधन केंद्र उभारावं का, या विषयावरचं तुझं कच्चं टिपण नीट वाचलं. मेहनत दिसते. पण नऊ पानांपैकी सहा पानं इमारतीलाच गेली आहेत: खांब किती उंच, काचा किती थरांच्या, छतावर सौर पॅनेल किती. तिथं जाऊन नेमकं काय मोजायचं, हे मात्र शेवटच्या पानावर एका परिच्छेदात उरकलंस. मंत्रालयातला माणूस असं टिपण वाचतो तेव्हा त्याच्यासमोर इमारत आणि तिचा खर्च एवढंच राहतं, आणि तो त्यावरच हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. तुझ्या टिपणाचा क्रम उलटा व्हायला हवा, म्हणून हे सविस्तर पत्र.

माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. बहुतेक छोट्या देशांना स्वतःचं केंद्र लागत नाही. त्यांना लागतं ते २५-३० वर्षं न तुटणारं एक मोजमाप, ते चालू ठेवणारी पगारी माणसं आणि दुसऱ्याच्या केंद्रात लेखी करारानं मिळालेली जागा. याला अपवाद आहेत, आणि ते खरे आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

केंद्र नसेल तर करारात मत मिळत नाही, असं तू दुसऱ्या पानावर लिहिलं आहेस. ते वाक्य काढ. अंटार्क्टिक करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी १२ देशांनी सह्या केल्या आणि २३ जून १९६१ पासून तो लागू झाला. नंतर आलेल्या देशाला सल्लागार सदस्य व्हायचं असेल, म्हणजे निर्णयात सहभाग हवा असेल, तर नवव्या कलमाप्रमाणे त्यानं तिथं भरीव संशोधन करून दाखवायचं असतं. केंद्र उभारणं किंवा मोहीम पाठवणं ही त्याची उदाहरणं म्हणून दिली आहेत. आपलंच पाहा. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. भारत करारात सामील झाला ऑगस्ट १९८३ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात, १२ सप्टेंबरला, सल्लागार सदस्य झाला. ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं कायमचं केंद्र त्यानंतरच्या १९८३-८४ च्या हंगामात उभं राहिलं. नेदरलँड्स करारात १९६७ पासून आहे, १९९० पासून सल्लागार सदस्य आहे, आणि अंटार्क्टिकात त्याच्या मालकीचं स्वतंत्र केंद्र आजही नाही. उलट चेक प्रजासत्ताकाचं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं, तरी सल्लागार सदस्यत्व मिळायला २०१४ उजाडलं. केंद्र बांधलं म्हणून मत मिळेलच असंही नाही, आणि नाही बांधलं म्हणून अडतंही नाही. तिथल्या चर्चेत वजन पडतं ते प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचं आणि दर वर्षी मांडलेल्या कामाच्या कागदांचं.

जमिनीवर हक्क सांगायचा तर केंद्राचा काहीच उपयोग नाही. चौथ्या कलमानं जुने दावे होते तिथं गोठवले आणि नव्या दाव्याला दार बंद केलं. खनिजांचंही तेच: अंटार्क्टिक कराराला जोडलेला, पर्यावरण रक्षणाचा १९९१ चा माद्रिद प्रोटोकॉल १४ जानेवारी १९९८ पासून लागू आहे आणि त्याच्या सातव्या कलमानं वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांबाबतच्या सगळ्या हालचालींना बंदी आहे. या दोन मुद्द्यांवर अर्ध्या पानाहून जास्त जागा घालवू नकोस.

झेंड्यासाठी केंद्र बांधलं की काय होतं, ते बघायचं तर नकाशात किंग जॉर्ज बेट काढ. रशिया, चिली, अर्जेंटिना, पोलंड, चीन, उरुग्वे, ब्राझील, दक्षिण कोरिया, पेरू अशा कितीतरी देशांची केंद्रं या एका बेटावर आहेत, आणि त्यांतली बरीचशी १९८० च्या दशकातली आहेत. दक्षिण अमेरिकेहून जवळ, विमान उतरायला धावपट्टी आणि बर्फ नसलेली जमीन, हे तिन्ही तिथं मिळतं. अख्ख्या अंटार्क्टिकात उघडी जमीन एक टक्कासुद्धा नाही. पेंग्विनची वसतिस्थानं, सील, शेवाळ, दगडफूल यांनाही नेमकी तीच जमीन लागते. शेजारच्यानं गेली ३० वर्षं जिथं तापमान मोजलं आहे, तिथं दोन किलोमीटरवर आपण दुसरी घरं बांधून आणि दुसरा जनरेटर लावून तेच तापमान मोजायचं, याला माझ्या मते संशोधन म्हणता येत नाही. तुझ्या टिपणातली ‘पर्याय १’ची जागा याच बेटावर आहे, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिलं आहे, असं समज.

आता खर्च. तू बांधकामाचा आकडा मोठ्या अक्षरांत दिलास आणि वार्षिक खर्च ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलास. बांधकामाचे पैसे एकदा जातात. इंधन, जहाज, माणसं आणि दुरुस्ती दर वर्षी. पूर्ण हिशेब तुझ्या टिपणात हवा, आणि तो डिझेलपासून सुरू कर.

समज, २० माणसांचं केंद्र आहे आणि विजेचा सरासरी भार फक्त १० किलोवॅट. म्हणजे दिवसाला २४० युनिट. लहान डिझेल जनरेटर एका लिटरमागे साधारण सव्वातीन युनिट वीज देतो. म्हणजे दिवसाला ७३ लिटर, ९० दिवसांच्या उन्हाळी हंगामाला साडेसहा हजार लिटर, २०० लिटरची ३३ पिंपं. माणसं हिवाळाभर ठेवायची असतील तर वर्षाला साडेसव्वीस हजार लिटर, १३३ पिंपं. भरलेलं पिंप सुमारे १८० किलोचं, म्हणजे २४ टन. आणि हिवाळी केंद्रात एका वर्षाचा साठा जास्तीचा ठेवावाच लागतो, कारण समुद्रावरचं बर्फ फुटलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात जहाज पोहोचेलच याची हमी नसते. झाले ४८ टन. यात घर तापवणं, वाहनं, होड्या काहीच धरलेलं नाही. साधं डिझेल थंडीत मेणासारखं गोठतं, म्हणून ध्रुवीय दर्जाचं इंधन लागतं. धक्का नसेल तर प्रत्येक पिंप जहाजावरून तराफ्यावर किंवा रबरी होडीत आणि तिथून किनाऱ्यावर, आणि रिकामं झालं की तोच प्रवास उलटा. इंधनाची पिंपं तिथं सोडून यायला प्रोटोकॉलची मनाई आहे.

पाणी तर तुझ्या टिपणात आलंच नाही. किनाऱ्यालगत उन्हाळ्यात वितळपाण्याचा ओढा किंवा तळं असेल तर पंप लावून भागतं. आतल्या बर्फावर असशील तर बर्फ वितळवायचं. उणे २० अंशांचं एक किलो बर्फ वितळवून १० अंशांचं पाणी करायला जवळजवळ ४२० किलोज्यूल लागतात. माणशी ५० लिटर धरलं तर २० जणांना हजार लिटर, म्हणजे दिवसाला ११६ युनिट. वरच्या २४० युनिटांतली जवळजवळ निम्मी! हे विजेच्या शेगडीवर करणं वेडेपणाचं आहे. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाच्या थंड करणाऱ्या पाण्यातून वाया जातो. ती उष्णता वापरली तर आपलं बर्फ वितळून वर शिल्लक राहते. म्हणून बर्फ वितळवायची टाकी जनरेटरला खेटून असते आणि तिच्या तोंडाशी फावड्यानं बर्फ टाकायची पाळी सगळ्यांना येते. आता गंमत बघ: वारा आणि सूर्य यांवर वीज केली की ही फुकटची उष्णता मिळत नाही, पाण्यासाठी वेगळी सोय लागते. पवनचक्क्या आणि सौर पॅनेलवर चालणारं केंद्र शक्य आहे. बेल्जियमचं ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ फेब्रुवारी २००९ पासून त्याच तत्त्वावर चालतं. पण तिथं प्रत्येक उपकरणाला वीज कधी मिळणार हे नियंत्रण यंत्रणा ठरवते, आणि राहणाऱ्यांनाही ती शिस्त पाळावी लागते. नुसती पॅनेलं छतावर ठोकून ते जमत नाही.

जनरेटरबद्दल अजून एक. ‘पुढे वाढ होईल’ म्हणून लोक मोठा जनरेटर घेतात. क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली तो सतत चालवला की इंधन पूर्ण जळत नाही, काजळी साचते, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, तेल खाल्लं जातं. एका मोठ्याऐवजी तीन लहान घ्यावेत: एक चालू, एक तयारीत, एक दुरुस्तीला. आणि ते राहत्या घरात कधीही नकोत. ब्राझीलच्या ‘कोमांदांते फेरास’ केंद्रात २५ फेब्रुवारी २०१२ ला जनरेटरच्या खोलीतून आग लागली, दोघांचा जीव गेला, केंद्राचा बहुतांश भाग जळाला. नवं केंद्र उघडायला जानेवारी २०२० आलं. तिथली हवा कोरडी असते, वारा सतत असतो, आणि विझवायला पाणी नसतं, कारण ते गोठलेलं असतं. म्हणून मुख्य घरापासून दूर एक दुसरं छोटं घर हवंच हवं. त्यात सगळ्यांना पुरेल इतकं अन्न, कपडे, शेगडी, इंधन, रेडिओ आणि औषधं कायम भरलेली. तुझ्या आराखड्यात ते नाही. ब्राझीलसारखा मोठा देश आठ वर्षांनी पुन्हा उभा राहिला. छोट्या देशाचा कार्यक्रम अशा एका रात्रीत कायमचा संपू शकतो.

बर्फ इमारत गिळतं, हे तुला माहीत आहे, पण का ते नीट समजून घे. वाऱ्याबरोबर वाहणारे बर्फाचे कण अडथळ्यामागे वारा मंदावला की खाली बसतात आणि इमारतीमागे लांबच लांब शेपूट तयार होतं. एकामागं एक अशा दोन इमारती वाऱ्याच्या दिशेत ठेवल्या तर पुढचीच्या शेपटात मागची गाडली जाते. त्या वाऱ्याला आडव्या एका ओळीत हव्यात, आणि खांबांवर उचललेल्या, म्हणजे खालून वारा जोरात जाऊन जागा साफ ठेवतो. ‘दक्षिण गंगोत्री’ समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लादीवर होतं. ते हळूहळू बर्फाखाली गेलं आणि आपण १९८९ मध्ये शिर्माकर परिसरातल्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ला आलो. ब्रिटनचं ‘हॅली’ अशाच लादीवर १९५६ पासून एकामागून एक बांधावं लागलं. सहावी आवृत्ती हायड्रॉलिक पायांवर आणि स्कीवर आहे, म्हणून २०१६-१७ मध्ये लादीला भेग जवळ आली तेव्हा ती २३ किलोमीटर ओढून नेता आली. तरी २०१७ पासून तिथं हिवाळ्यात माणसं ठेवत नाहीत. अशी सोय छोट्या देशाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. बांधायचंच असेल तर खडकावर बांधा, एवढं तू ठामपणे लिहू शकतेस.

कागदपत्रांचा वेळही धर. नव्या केंद्राला पर्यावरण परिणामांचं सर्वंकष मूल्यांकन करावं लागतं. त्याचा मसुदा सर्व सदस्य देशांना पाठवायचा, अभिप्रायासाठी ९० दिवस द्यायचे, आणि हे सगळं वार्षिक बैठकीच्या किमान १२० दिवस आधी. बैठकीत चर्चा झाल्याशिवाय काम सुरू करायचा निर्णय घेता येत नाही, आणि अंतिम अहवाल काम सुरू व्हायच्या ६० दिवस आधी जाहीर करायचा. एक तारीख चुकली की बैठक पुढच्या वर्षी, जहाज त्याच्या पुढच्या हंगामात. सामान भरतानाही नियम आहेत: निर्जंतुक न केलेली माती नेता येत नाही, म्हणून बुटांचे तळवे घासायचे आणि कपड्यांच्या चिकटपट्ट्यांमध्ये (व्हेल्क्रोमध्ये) अडकलेलं बी चिमट्यानं काढायचं, थर्माकोलच्या मण्यांत गुंडाळलेलं यंत्रही चालत नाही, त्या वेष्टनाला बंदीच आहे. पुरवठादाराला हे खरेदीच्या पत्रातच कळवावं लागतं, नाहीतर बंदरावर शेवटच्या रात्री पेट्या उघडून पुन्हा बांधत बसावं लागतं. आणि केंद्र बंद केलं तर उचलून परत आणायची जबाबदारी बांधणाऱ्याचीच. ती रक्कम पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेली असायला हवी.

मालकी कोणाची, हेही आधी ठरवावं. बेल्जियमनं १९५८ चं ‘किंग बोदुवँ’ केंद्र १९६७ मध्ये बंद केलं आणि पुढची ४० वर्षं त्याचं अंटार्क्टिकात केंद्र नव्हतं. नवं केंद्र एका खाजगी प्रतिष्ठानाच्या पुढाकारानं झालं, आणि पुढे सरकार व प्रतिष्ठान यांच्यात मालकी आणि कारभार यांवरून वाद होऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. देणग्या आणि सरकारी पैसा एकाच इमारतीत घालायचा असेल तर इमारत कोणाची, सही कोणाची आणि तोटा कोणाचा हे पाया घालण्याआधी लिहून घ्यावं लागतं.

आता अपवाद. चेकचं ‘मेंडेल’ केंद्र जेम्स रॉस बेटाच्या उत्तर भागात आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तरेकडचा बर्फ नसलेला सर्वांत मोठा टापू तिथं आहे. कायम गोठलेली जमीन, लहान हिमनद्या, दगडफूल आणि शेवाळ यांचा अभ्यास करायला याहून चांगली जागा नाही, आणि त्या टापूत दुसऱ्या कोणाचं केंद्र नव्हतं. केंद्र ब्रनोच्या मासारिक विद्यापीठाचं, फक्त उन्हाळी, २० माणसांच्या आसपास. प्रश्न त्या जागेशी बांधलेला, शेजारी कोणी नाही, आणि आकार पेलण्याजोगा. मला हे उदाहरण मनापासून पटतं.

दुसरा अपवाद युक्रेन. १९९६ मध्ये ब्रिटननं आपलं ‘फॅरडे’ केंद्र युक्रेनला नावापुरत्या एका पौंडाला दिलं; ते झालं ‘व्हर्नाद्स्की’. एका पौंडाची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या व्यवहाराचा गाभा वेगळा होता. तिथं १९४७ पासूनच्या हवामानाच्या नोंदी होत्या आणि ओझोनचं मोजमाप अनेक दशकं चाललेलं होतं. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी ओझोनची घट जगापुढे मांडली ती ‘हॅली’ आणि याच केंद्रातल्या जमिनीवरच्या मोजमापांवर. ‘हॅली’वर ओझोनची ऑक्टोबरची सरासरी ३०० डॉब्सन एककांवरून (ओझोन मोजायच्या मापावरून) २०० च्या आसपास आली होती, आणि हे कळलं कारण १९५६ पासून त्याच प्रकारचं यंत्र त्याच पद्धतीनं चालवलं होतं. ब्रिटनची पाडकामातून सुटका झाली, युक्रेनला घर मिळालं, आणि नोंद तुटली नाही. तेव्हापासून युक्रेननं देशावर काय काय बेतलं तरी ती चालू ठेवली आहे. तुझ्या छोट्या देशाला कोणी चालू मोजमापासकट जुनं केंद्र देत असेल, तर नवं बांधण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

या दोहोंत न बसणाऱ्या देशासाठी नेदरलँड्सचा मार्ग. अॅडलेड बेटावरच्या ब्रिटिश ‘रोथेरा’ केंद्रात जानेवारी २०१३ मध्ये ‘डर्क गेरिट्स’ प्रयोगशाळा सुरू झाली: चार कंटेनर-प्रयोगशाळा, एका तयार इमारतीत सरकवून जोडलेल्या, काम संपलं की उचलून दुसरीकडे नेता येतील अशा. वीज, जेवण, होड्या, पाणबुडे, डॉक्टर, विमान सगळं यजमानाचं. शिवाय रोथेराजवळच्या समुद्राची १९९७ पासूनची नोंद आयती हाताशी. आर्क्टिकमध्ये भारतानंही असंच केलं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडमधलं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून तिथल्या नॉर्वेजियन कंपनीच्या घरात चालतं. भारताएवढ्या देशाला तिथं घर बांधावंसं वाटलं नाही, हे तुझ्या मंत्र्याला जरूर सांग.

पाहुणा म्हणून राहायचं तर करारात काय हवं? हंगामाला किती खाटा आणि किती रात्री, किती घनमीटर सामान, होडीचे आणि पाणबुड्यांचे किती तास. हिवाळ्यात यंत्र बंद पडलं तर हात कोणी लावायचा. आजारी माणसाला बाहेर काढायचा खर्च कोणाचा. मोजमापं कोणाची आणि किती महिन्यांनी खुली करायची. करार मोडायचा तर किमान दोन हंगामांची सूचना, कारण सामान वर्ष-सव्वा वर्ष आधी निघतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, खाटा कमी पडल्या तर कपात कोणत्या क्रमानं. या शेवटच्या कलमावर पाहुणे नेहमी ढिले राहतात. यजमानाचं स्वतःचं बांधकाम निघतं किंवा २०२०-२१ सारखा करोनाचा हंगाम येतो, आणि पाहुण्यांच्या जागा आधी जातात. म्हणून तुमचं एक तरी मोजमाप असं असावं की माणूस न जाताही यजमानाचा तंत्रज्ञ ते चालू ठेवील, आणि त्याच्या वेळेचे पैसे करारात असावेत.

बदल्यात काय द्यायचं, याचाही विचार कर. पोर्तुगालकडे केंद्र नाही. तो चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर विमान भाड्यानं नेतो, त्यात दुसऱ्या देशांच्या माणसांना जागा देतो आणि त्यांच्या केंद्रांत आपल्या माणसांना खाटा मिळवतो. अगदी लहान देश एक चांगला इलेक्ट्रिशियन किंवा डॉक्टर हिवाळाभर देऊ शकतो. त्याची किंमत कुठल्याही यजमानाला कळते.

आता ज्यावर तू एक परिच्छेद लिहिलास, ते मोजमाप. उट्रेख्ट विद्यापीठाची माणसं १९९० पासून पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगर्लुस्सुआकजवळ बर्फाच्या काठापासून वर १,८०० मीटरच्या पुढपर्यंत एका रेषेत बर्फाची घट मोजत आहेत. साधन काय, तर बर्फात भोक पाडून रोवलेल्या काठ्या आणि काही स्वयंचलित हवामान यंत्रं. तिथं त्यांची ना इमारत, ना झेंडा. तरी ग्रीनलंडच्या बर्फाबद्दल बोलताना ती नोंद टाळून कोणाला पुढे जाता येत नाही.

त्या यंत्रात काय बिघडतं, ते शीक, कारण छोट्या देशाचं खरं केंद्र तेच आहे. रेषेच्या खालच्या भागात एका उन्हाळ्यात तीन-चार मीटर बर्फ वितळतं. खांब भोकात रोवला तर ऑगस्टपर्यंत तो आडवा. म्हणून यंत्र तिपाईवर नुसतं उभं ठेवतात, बर्फाबरोबर ते खाली उतरत जातं. वरच्या भागात उलट, बर्फ साचून खांब गाडला जातो, त्याला दर फेरीत जोड देऊन उंच करावं लागतं, आणि आधी-नंतरची उंची टेपनं मोजून वहीत लिहिली नाही तर वर्षाची नोंद बाद. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्यांवर दहिवर गोठतं आणि यंत्र दिवसचे दिवस शून्य वारा दाखवतं. वारा मंद आणि ऊन लख्ख असलं की बर्फावरून परतणारं ऊन तापमापकाच्या आवरणात खालून शिरतं, हवा आहे त्याहून कित्येक अंश गरम दिसते. उपाय म्हणजे पंखा लावलेलं आवरण, पण पंख्याला वीज लागते.

आणि वीज इथंही डोकेदुखीच. यंत्र सरासरी अर्धा वॅट खातं असं धर. चार महिन्यांच्या अंधाराला १,४४० वॅट-तास, १२ व्होल्टला १२० अँपिअर-तास. उणे ३० ला शिशाच्या बॅटरीची क्षमता निम्म्यावर येते, म्हणून २४० ची घ्यायची. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ६० लाही गोठत नाही. रिकामी झालेली उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. म्हणून व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की यंत्रानं उपग्रहाला संदेश पाठवणं आपोआप थांबवून फक्त स्वतःच्या स्मृतीत नोंद ठेवावी, अशी सोय हवी. दोन वर्षांनी प्रत्येक मापक बदलून जुना तपासणीला घरी आणायचा. अशी पाच यंत्रं २५ वर्षं सांभाळायची तर दोन तंत्रज्ञ कायमच्या पगारावर लागतात. तुझ्या अंदाजपत्रकात सगळी पदं तीन-तीन वर्षांची आहेत. तीन वर्षांची माणसं यंत्र बसवतात आणि निघून जातात. हे दोन पगार इमारतीच्या आधी मंजूर करून घे.

तू स्वतः काठी रोवून पाहिलीस तर टिपण बदलेल. त्यासाठी अंटार्क्टिका नको. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमांश’ हे ठाणं २०१६ पासून स्पितीत ४,००० मीटरहून उंचावर आहे आणि चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्यांवर हेच काम चालतं. सुट्टीत गोव्याला येशील तेव्हा परवानगी घेऊन त्यांची कार्यशाळा बघ. यंत्रं बांधणाऱ्यांशी बोल.

आणि जिथं चौकशीची पत्रं पाठवशील, तिथं संशोधकांबरोबर केंद्राच्या व्यवस्थापकालाही लिही. त्याला चारच गोष्टी विचार: हंगाम संपताना किती लिटर इंधन उरलं होतं, गेल्या दहा वर्षांत जहाज किती वेळा उशिरा आलं, पाहुण्यांना दिलेल्या खाटांपैकी किती प्रत्यक्षात वापरल्या गेल्या, आणि हिवाळ्यात सर्वांत जास्त वेळा काय बंद पडतं. चारही उत्तरं आली की मला पाठव, मग जागेचं पान आपण मिळून लिहू.

कळावे.

तुझ्या कामाचा हितचिंतक